तांबे गेले गाळणात : गॅस सेन्सरविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रे एकाच वस्तूभोवती फिरतात : धातूच्या ऑक्साइडचा तापवलेला पातळ थर, जो हवेतल्या वायूची चाहूल देतो. कुणी तो प्रयोगशाळेत बनवतो आहे, कुणी बाजारातून आणून फौंड्रीत किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये टांगला आहे. पत्रांतला मुख्य प्रश्न ठेवून ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : गॅस अलार्ममध्ये टिन ऑक्साइड असते असे मुलांना सांगतो. पण ते वायू ओळखते कसे, आणि त्यात ‘नॅनो’ कशाला हवे?
— विज्ञान शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : टिन ऑक्साइड वायूला थेट ओळखत नाही. आपल्या अंगावर बसलेला ऑक्सिजन कमी झाला एवढेच त्याला कळते. २०० ते ३५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि चिकटताना कणातला इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे कणाच्या कडेचा भाग इलेक्ट्रॉनविना सुका पडतो आणि विद्युत रोध वाढतो. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड किंवा एलपीजी आला की तो हा चिकटलेला ऑक्सिजन उचलून जळतो, अडकलेला इलेक्ट्रॉन कणात परततो आणि रोध उतरतो. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र स्वतःच इलेक्ट्रॉन ओढणारा, म्हणून त्याने रोध आणखी चढतो. हे सगळे टिन, झिंक, टंगस्टन, इंडियम यांच्या ऑक्साइडबद्दल. तांबे, निकेल आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडमध्ये वीज धन वाहकांनी वाहते, तिथे सारे उलटे घडते.

नॅनोचे कारण साधे मोजमापाचे आहे. कडेचा हा सुका थर टिन ऑक्साइडमध्ये साधारण ३ नॅनोमीटर जाड असतो. कण १०० नॅनोमीटरचा असेल तर कडेला काहीही झाले तरी गाभा जसाच्या तसा राहतो, फरक पडतो तो फक्त कणाकणांच्या सांध्यांवर. कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की दोन्ही बाजूंचे थर मध्ये भेटतात आणि अख्खा कण वायूच्या हुकमात येतो. अडचण अशी की इतके बारीक कण महिनोन्‌महिने तापत राहिले की एकमेकांत मिसळून मोठे होतात. डोपिंगचा, म्हणजे परका धातू मुद्दाम थोडासा मिसळण्याचा, एक उपयोग इथेच आहे : परक्या धातूचे अणू सीमेवर बसून कणांची वाढ रोखतात. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पापुद्र्यावर हा परिणाम दाखवला आणि त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचे पेटंट मागितले. आज दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारे सेन्सर त्याच घराण्यातले.

वर्गात दाखवायचे असेल तर एमक्यू-२ सेन्सर ५ व्होल्टवर दहा मिनिटे तापू द्या, सेन्सरशी मालिकेत जोडलेल्या १० किलोओहमच्या रोधावर मल्टिमीटर लावा आणि स्पिरिटचा कापूस वीतभर अंतरावरून फिरवा. लायटरचा गॅस सरळ तोंडावर मारू नका. सेन्सर भरून जातो आणि पूर्ववत व्हायला फार वेळ घेतो.

प्रश्न : टिन क्लोराइड आणि २ टक्के कॉपर नायट्रेट एकत्र विरघळवून अमोनियाने अवक्षेप काढला, धुतला, ६०० अंशांवर भाजला. पावडर पांढरीच राहिली. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या चाचणीचा आलेख) शुद्ध टिन ऑक्साइडसारखाच आला आणि हायड्रोजन सल्फाइडला प्रतिसादही तेवढाच. डोपिंग झाले की नाही?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : झाले नाही, निदान तुम्ही समजता तेवढे नाही. गाळण फेकण्याआधी त्याचा रंग पाहिला होता का? ते फिकट निळे असणार. तांब्याचे आयन जास्तीच्या अमोनियात अवक्षेप म्हणून बसत नाहीत, अमोनियाबरोबर गडद निळे संयुग करून विरघळलेलेच राहतात. टिनचा साका खाली बसला, तांबे गाळणातून मोरीत गेले. झिंक, निकेल आणि कोबाल्ट यांचेही असेच होते. झिंक तर जास्तीच्या कॉस्टिक सोड्यातही विरघळते. ‘अमुक टक्के डोप केले’ असे लिहिलेल्या कितीतरी प्रबंधांत प्रत्यक्षात तेवढा धातू पावडरमध्ये नसतो, कारण बीकरमध्ये टाकलेले प्रमाण हेच पावडरमधले प्रमाण असे गृहीत धरलेले असते.

एक्सआरडीवर विसंबू नका, इकडूनही आणि तिकडूनही. २ अणू-टक्के तांबे म्हणजे वजनाने जेमतेम १.१ टक्का कॉपर ऑक्साइड. एवढ्या कमी मात्रेची ३५.५ आणि ३८.७ अंशांची शिखरे कॉलेजच्या यंत्रावर सहसा दिसत नाहीत. म्हणजे तांबे असते तरी आलेख असाच दिसला असता. प्रमाण हवे तर आयसीपी करा किंवा ईडीएस, या चाचण्या कोणता धातू किती आहे ते मोजतात. ईडीएसला नमुना पितळी बुंध्यावर किंवा तांब्याच्या जाळीवर ठेवला तर यंत्र त्या बुंध्याचे तांबे मोजेल, एवढे लक्षात असू द्या.

आमचा सल्ला : दोन टप्प्यांत करा.

आधी शुद्ध टिन ऑक्साइड. टिन टेट्राक्लोराइड पेंटाहायड्रेट १७.५३ ग्रॅम (०.०५ मोल) २५० मिली बर्फगार डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. द्रावण गढूळ वाटले तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. सतत ढवळत, एका भागाला तीन भाग पाणी घातलेला अमोनिया थेंबथेंब सोडा आणि पीएच ८ ला थांबा. तीन-चार तास तसेच राहू द्या. आता धुणे, आणि घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. नुसत्या पाण्याने तीन-चारदा धुतले की क्षार निघून जातात, साक्याचे कण एकमेकांना ढकलू लागतात आणि दुधासारखे होऊन गाळणी कागदातून पळतात. मग विद्यार्थी घाबरून धुणे अर्धवट सोडतात आणि क्लोराइड आत राहते. धुण्याच्या पाण्यात १ टक्का अमोनियम अॅसिटेट घाला. साका घट्ट राहतो आणि अॅसिटेट पुढे भट्टीत जळून जाते. सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तमच.

क्लोराइड गेले का हे सिल्व्हर नायट्रेटने पाहताना आधी गाळणाचे चार थेंब सौम्य नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा. अमोनिया शिल्लक असेल तर सिल्व्हर क्लोराइड त्यात विरघळते, पांढरे काही दिसत नाही आणि आपण ‘धुऊन झाले’ म्हणून खूश होतो. राहिलेले क्लोराइड कणांचा आकारही बिघडवते आणि पृष्ठभागही.

साका ११० अंशांवर रात्रभर वाळवा, खलात बारीक करा, मिनिटाला ५ अंश या गतीने ६०० पर्यंत नेऊन दोन तास भाजा. हाती साधारण साडेसात ग्रॅम येईल, त्यापेक्षा बरेच कमी आले तर कण गाळणातून गेले असे समजा. कणांचा आकार एक्सआरडी शिखराच्या रुंदीवरून, शेरर सूत्राने काढा, यंत्राची स्वतःची रुंदी वजा करून.

आता तांबे. ५ ग्रॅम पावडर घ्या. २ अणू-टक्क्यांसाठी कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट ०.१६४ ग्रॅम लागते. ते १० मिली पाण्यात विरघळवून पावडरवर ओता आणि ६०-७० अंशांवर ढवळत ढवळत कोरडे करा. गाळायचे नाही, म्हणून काही वाहून जायचा प्रश्नच नाही. मग ११० अंशांवर वाळवून ५०० अंशांवर दोन तास. भाजताना तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणून भट्टी फ्यूम हूडखालीच हवी. पावडर करड्या छटेवर आली पाहिजे. कॉपर नायट्रेट हवेतले पाणी झपाट्याने पिते. पावसाळ्यात बेळगावात बाटली उघडी राहिली तर चिखल होतो आणि वजनाला अर्थ उरत नाही. अशा वेळी कॉपर अॅसिटेट मोनोहायड्रेट ०.१३५ ग्रॅम वापरा. अथणीकडे द्राक्षबागेत बोर्डोसाठी वापरतात ते मोरचूद मात्र नको. त्यातले सल्फेट ५०० अंशांवर जात नाही, पावडरमध्येच ठाण मांडते.

याला काटेकोर अर्थाने ‘डोपिंग’ म्हणावे का, हा प्रश्न मार्गदर्शक विचारतीलच. टिनच्या जागी जाळीत शिरून बसलेला अँटिमनी किंवा इंडियम हा खरा डोपंट. अँटिमनीने रोध उतरतो, इंडियमने चढतो. तांबे मात्र बहुतेक कणांच्या अंगावर कॉपर ऑक्साइडच्या ठिपक्यांसारखे बसते, आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी आपल्याला हवे तेच आहे. ठिपका धन वाहकांचा, कण ऋण वाहकांचा. दोघांच्या सांध्यावर अडथळा उभा राहतो, म्हणून हवेत रोध खूप मोठा. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचे कॉपर सल्फाइड होते. ते धातूसारखी वीज वाहते, अडथळा मोडतो आणि रोध कोसळतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा मिथेन असे सल्फाइड करू शकत नाहीत, म्हणून निवडकपणा मिळतो.

या क्रियेचे तापमान १५० ते २०० अंश ठेवा. २२० च्या वर हे सल्फाइड टिकत नाही आणि प्रतिसाद पडतो. कमी तापमानाची किंमत अशी की वायू काढून घेतल्यावर सेन्सर परत येत नाही, रोध खालीच रेंगाळतो. त्यासाठी मोजणी संपल्यावर दोन-तीन मिनिटे ३०० ते ३५० अंशांचा झटका द्या. सल्फाइड जळून पुन्हा ऑक्साइड होते.

आणि इलेक्ट्रोड चांदीच्या पेस्टचे असतील तर सगळे काम थांबवा. चांदी हायड्रोजन सल्फाइडने काळी पडते आणि तुम्ही सेन्सर सोडून सांध्याचा रोध मोजत बसता. अॅल्युमिनाच्या तुकड्यावर सोन्याचे इलेक्ट्रोड घ्या. चांदी वापरायचीच तर वायू पोहोचणार नाही अशा दूरच्या टोकाला.

प्रश्न : २ ऐवजी ५ किंवा १० टक्के डोप केले तर सेन्सर आणखी चांगला होईल ना?
— संशोधक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : नाही. ठिपके वेगळे वेगळे राहिले तरच प्रत्येक सांध्यावर अडथळा उभा राहतो. प्रमाण वाढले की कॉपर ऑक्साइडचे ठिपके एकमेकांना जोडले जातात, छिद्रे बुजतात आणि वीज टिन ऑक्साइडला बगल देऊन त्यांच्यातूनच जाऊ लागते. पॅलेडियमचे तर १ टक्काही जास्त ठरू शकते : वायू वरच्या थरातच जळून संपतो, खालच्या कणांपर्यंत पोहोचतच नाही. ०.५, १, २, ३ आणि ५ असे पाच नमुने करा, प्रत्येकाचे खरे प्रमाण मोजा आणि आलेखावर तेच लिहा.

प्रश्न : आमच्या ५ लिटरच्या चेंबरमध्ये १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) इथेनॉलला प्रतिसाद ९५ येतो. तशाच पावडरवर दुसऱ्या कॉलेजचा आकडा २० आहे. चूक कुणाची?
— प्रकल्प गट, अभियांत्रिकी महाविद्यालय, बेळगाव

उत्तर : कदाचित कुणाचीच नाही. हवेतला रोध भागिले वायूतला रोध असे मोजले तर २०. फरकाची टक्केवारी काढली तर तोच प्रतिसाद ९५. सूत्र लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये, एवढाच त्यावर इलाज.

पण तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आढळली. इथेनॉलचे १.१९ मायक्रोलिटर तुम्ही टाकता. हा हिशेब १ मोल वायूला २४.४५ लिटर धरून केलेला, म्हणजे समुद्रसपाटीचा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब साधारण ९२-९३ किलोपास्कल, म्हणून २५ अंशांवर १ मोल वायू पावणेसत्तावीस लिटर व्यापतो आणि तुमच्या चेंबरमध्ये हवेचे रेणू तेवढ्याने कमी असतात. १०० पीपीएमला इथे १.०९ मायक्रोलिटर पुरतात. तुम्ही प्रत्यक्षात ११० च्या आसपास देत होता. सिरिंजने वायूच सोडत असाल तर ही दुरुस्ती लागत नाही, कारण सिरिंजमधली हवाही इथलीच : ५ लिटरला १०० पीपीएम म्हणजे ०.५ मिली, कुठेही.

थेंब पूर्ण उडाला पाहिजे. तो थंड काचेवर पडला तर अर्धा तिथेच राहतो. चेंबरच्या आत छोटी तापती पट्टी ठेवा आणि मिसळायला छोटा पंखा. पंख्याचा झोत थेट सेन्सरवर येऊ देऊ नका, थर गार होऊन रोध चढतो आणि तो वायूचा परिणाम वाटतो.

तापमान हॉट प्लेटच्या पडद्यावरचे लिहू नका. प्लेट ३०० दाखवते तेव्हा अॅल्युमिनाच्या तुकड्याचा वरचा पृष्ठभाग त्यापेक्षा बराच गार असू शकतो. बारीक के-प्रकारचे थर्मोकपल तुकड्याच्या कडेला टेकवून मोजा. रोध मोजायला हातातला मल्टिमीटर अपुरा पडतो, २० ते ४० मेगाओहमच्या पुढे त्याचे पडदे हात टेकतात. ओळखीचा १ मेगाओहम रोध मालिकेत लावून त्यावरचा व्होल्टेज वाचा, मात्र वाचणाऱ्या उपकरणाचा स्वतःचा रोध त्याच्या कितीतरी पट हवा.

शेवटचे म्हणजे ओल. जुलैत घेतलेला आलेख जानेवारीतल्या आलेखाशेजारी ठेवू नका. पाण्याचे रेणू ऑक्सिजनच्या जागा अडवतात, हवेतला रोध उतरतो आणि बहुतेक वायूंना प्रतिसाद कमी होतो. चेंबरमध्ये आर्द्रतामापक ठेवा आणि प्रत्येक मोजणीसोबत तो आकडा नोंदवा. नवा थर असेल तर मोजणीआधी कामाच्या तापमानापेक्षा थोडे वर, निदान दोन दिवस तापवत ठेवा. त्याआधीचा रोध रोज सरकतो.

प्रश्न : फौंड्रीत ओतकामाच्या जागी कार्बन मोनॉक्साइडसाठी एमक्यू-७ लावून अलार्म केला. पहिले दोन महिने दिवसातून दहादा उगाच वाजायचा. आता तर वाजतच नाही. सेन्सर खराब निघाला का?
— लघुउद्योजक, उद्यमबाग

उत्तर : सेन्सरला दोष देण्याआधी त्याला मिळणारी वीज पाहा. एमक्यू-७ सतत ५ व्होल्टवर चालवायचा नसतो. ६० सेकंद ५ व्होल्ट देऊन पृष्ठभाग जाळून स्वच्छ करायचा, मग ९० सेकंद १.४ व्होल्टवर गार ठेवायचा, आणि वाचन त्या गार टप्प्याच्या अगदी शेवटी घ्यायचे. कार्बन मोनॉक्साइड गार पृष्ठभागावरही क्रिया करतो, इतर वायूंना जास्त उष्णता लागते. निवडकपणा इथून येतो. सतत ५ व्होल्ट दिले की तो सगळ्याच ज्वलनशील वाफांना वाजणारा साधा सेन्सर होतो.

तुम्ही पाठवलेल्या आकृतीत १.४ व्होल्टसाठी पीडब्ल्यूएम (५ व्होल्ट झपाट्याने चालू-बंद करणे) वापरले आहे आणि चालू वेळ २८ टक्के ठेवला आहे, कारण १.४ भागिले ५ म्हणजे ०.२८. ही चूक फार ठिकाणी होते. हीटरला उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते, म्हणून हवे ०.२८ चा वर्ग : ७.८ टक्के. २८ टक्क्यांवर ठरल्यापेक्षा साडेतीनपट उष्णता जाते आणि गार टप्पा गार राहतच नाही. शिवाय ३३ ओहमचा हीटर ५ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर घेतो. तो कंट्रोलरच्या पिनवरून थेट चालवू नका, मध्ये मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) घाला.

उगाच वाजण्याचे दुसरे कारण मोल्ड आणि कोअरवर लावायचा स्पिरिटचा वॉश. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची वाफ सेन्सरला खूप लागते. वॉश पेटवून सुकवण्याच्या वेळा आणि अलार्मच्या वेळा एका वहीत लिहून ताडून पाहा. तोंडावर सक्रिय कोळशाची टोपी बसवली तर अल्कोहोल अडते आणि कार्बन मोनॉक्साइड आरपार जातो. कोळसा भरला की अल्कोहोल पुन्हा निसटू लागते, म्हणून टोपी ठरावीक काळाने बदला. ओल्या वाळूत धातू ओतताना हायड्रोजनही निघतो आणि एमक्यू-७ त्यालाही वाजतो. कोळसा हायड्रोजन अडवत नाही.

आता न वाजण्याचे. कोअर बॉक्सला किंवा डायला सिलिकॉनचा स्प्रे मारत असाल, किंवा सेन्सरचा डबा सिलिकॉन सीलंटने बंद केला असेल, तर कारण तेच. सिलिकॉनची वाफ तापलेल्या पृष्ठभागावर जळते आणि मागे वाळूचाच, म्हणजे सिलिकाचा, थर सोडते. कणांवर काच चढल्यासारखे होते. हे धुऊन किंवा तापवून निघत नाही, सेन्सर बदलावाच लागतो. नवा लावताना डबा रबराच्या गॅस्केटने बंद करा आणि सिलिकॉनमुक्त स्प्रे मागवा.

जागा : कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच जड, म्हणून नाकाच्या उंचीवर, साधारण दीड मीटर. लॅडलच्या वर नको, मोल्ड थंड होतात त्या ओळीशेजारी. कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम धरतात. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे : माणसाचा जीव ज्या अलार्मवर अवलंबून आहे तो घरी जोडलेल्या एमक्यू-७ चा नसावा. कामगाराच्या खिशाला इलेक्ट्रोकेमिकल सेल असलेला प्रमाणित मीटर हवा, आणि त्याला महिन्यातून एकदा ओळखीच्या प्रमाणाचा वायू देऊन तपासायला हवे. एमक्यू-७ भिंतीवर राहू द्या. कोणत्या पाळीत, कोणत्या ओतकामाला धूर साचतो हे कळायला तो उपयोगी आहे.

प्रश्न : शेडमध्ये अमोनियासाठी एमक्यू-१३५ लावला. पावसाळ्यात तो कधी ५ तर कधी ९० पीपीएम दाखवतो.
— कुक्कुटपालक, हुक्केरी तालुका

उत्तर : हा सेन्सर अमोनिया, अल्कोहोल, धूर आणि ओल या सगळ्यांना उत्तर देतो आणि कोणाला दिले ते सांगत नाही. पीपीएमचा आकडा येतो इंटरनेटवरून उचललेल्या सूत्रातून. त्याचा पाया कोरड्या हवेतला, तुमच्या सेन्सरवर कधीच न तपासलेला. रसायनदुकानात अमोनियाच्या, रंग बदलून प्रमाण दाखवणाऱ्या शोधनळ्या मिळतात, त्यांची एक पेटी आणा. आठवडाभर पहाटे आणि दुपारी नळीचे वाचन, सेन्सरचा व्होल्टेज आणि आर्द्रता शेजारी शेजारी लिहा. त्यातून तुमच्या शेडपुरता तक्ता होतो आणि तो सूत्रापेक्षा खरा असतो. नवीन घेणार असाल तर टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम ऑक्साइडवरचा पाहा. ही दोन्ही ऑक्साइडे आम्लधर्मी, म्हणून अल्कधर्मी अमोनिया त्यांना धरून बसतो.

सेन्सर आढ्याला नको, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला, जमिनीपासून फूटभर. समोर टेफ्लॉनचा छिद्रयुक्त पडदा लावा, नाहीतर पिसांचा भुगा जाळीवर जळत राहतो. सर्किटवरचे तांबे वार्निशने झाका. २५ पीपीएमच्या वर गेले तर पंखे सुरू. आणि ओल्या तुसावर चुना मारत असाल तर ते थांबवा. चुन्याने पीएच चढतो आणि तुसात अडकलेला अमोनिया एकदम सुटतो, सेन्सरचे ९० हे कदाचित त्या दिवशीचे खरे वाचन असेल. सिंगल सुपर फॉस्फेट पसरून तूस उलटा.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीत कीड मारायला गोळ्यांचे धुरीकरण होते. दार उघडण्याआधी वायू गेला का हे स्वस्त सेन्सरने बघता येईल का?
— व्यापारी, निपाणी

उत्तर : नाही, आणि प्रयत्नही करू नका. त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, वायू फॉस्फीन. त्याची आठ तासांची मर्यादा ०.३ पीपीएम इतकी खाली आहे. टिन ऑक्साइडवर फॉस्फीन जळाला की फॉस्फरसची आम्ले पृष्ठभागावर राहतात आणि सेन्सर बधिर होतो, म्हणजे ‘वायू नाही’ असे खोटेच सांगतो. सर्किटमधले तांबेही हा वायू खातो. धुरीकरण परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि वखार मोकळी झाल्याचे वाचन त्याच्या फॉस्फीन मीटरवर, स्वतः पाहून, लिहून घ्या.

प्रश्न : मळीवर चालणाऱ्या बायोगॅस प्लान्टवर हायड्रोजन सल्फाइड शोषायला लोखंडी किसाचा फिल्टर आहे. फिल्टर संपला हे कळायला पाइपमध्येच कॉपर-टिन ऑक्साइडचा सेन्सर बसवायचा विचार आहे.
— तंत्रज्ञ, संकेश्वर परिसर

उत्तर : सेन्सरची निवड योग्य, जागा चुकीची. पाइपमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नसतो. ऑक्सिजनशिवाय कॉपर सल्फाइड परत ऑक्साइड होणारच नाही : सेन्सर पहिल्या दिवशी एकदा पडेल आणि पुन्हा उठणार नाही. शिवाय घरी बनवलेल्या तापत्या हीटरला ज्वाला अडवणारी जाळी नसते. गॅसच्या पाइपला तो जोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

फिल्टरनंतर बारीक टेफ्लॉनची नळी काढा, रबर नको, ते हायड्रोजन सल्फाइड शोषते. एका भागाला ४९ भाग स्वच्छ हवा अशी पन्नासपट पातळ करा. बायोगॅसमध्ये ६० टक्के मिथेन असेल तर पातळ केल्यावर १.२ टक्के राहतो, पेट घेण्याच्या ५ टक्क्यांच्या सीमेच्या बराच खाली. वीसपटच पातळ केले तर ३ टक्के होतील, आणि हवेचा पंप निम्म्यावर आला की सीमा ओलांडाल. म्हणून पन्नासच. हवेचा प्रवाह थांबला तर गॅसची नळी आपोआप बंद होईल असा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा. फिल्टरनंतर २०० पीपीएम निसटत असतील तर सेन्सरपुढे ४ पीपीएम येतील, आणि १८० अंशांवरचा कॉपर-टिन ऑक्साइड तेवढे ओळखतो. या तापमानाला मिथेन जळत नाही, त्यामुळे तो मध्ये येत नाही. तासातून एकदा दोन मिनिटे नमुना, मग नुसती हवा आणि ३५० अंशांचा झटका, असे चक्र ठेवा. नमुना सतत दिला तर सल्फाइड साचत जाते. वाफेचे पाणी सेन्सरवर येऊ नये म्हणून नळीला उतार आणि खाली पाणी साठायला छोटी बाटली हवी. सेन्सरमधून निघणारी हवा छपराबाहेर सोडा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की पातळ करणारी मांडणी स्लरीच्या खड्ड्याशेजारी ठेवाल, म्हणजे खड्ड्यात उतरतानाही ती उपयोगी पडेल. तसे करू नका. खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइडइतकाच धोका ऑक्सिजन कमी असण्याचा, आणि हा सेन्सर ऑक्सिजन मोजत नाही. उलट ऑक्सिजन कमी असेल तर त्याचे वाचन चुकते. नाकावरही भरवसा नको : १०० पीपीएमच्या आसपास हायड्रोजन सल्फाइडचा वास येईनासा होतो. आधी पंख्याने हवा भरा, मग दोरीने चार वायूंचा मीटर सोडून खड्ड्याचे वर, मध्ये आणि तळाशी वाचन घ्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर, तर कुणीही उतरायचे नाही. आतला माणूस कोसळला तरी वरच्याने श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उडी घ्यायची नाही, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर तिकाटण्याला हाताने ओढायचा विंच आधीच बांधलेला हवा.